होल्टकांपची चूल

ओजस वाळवेकरला सासुरवाडीत कशाचीच कमी नव्हती. बायको गुणाची होती, सासरा मानाने वागवत होता, आणि पाव-चीजला कंटाळलेल्या जावयासाठी त्याने मागच्या अंगणात काचेच्या छपराखाली कोथिंबीरसुद्धा लावली होती. बदल्यात सासऱ्याची मागणी एकच होती. ओजसने आडनाव बदलावं.

साल होतं दोन हजार त्रेचाळीस. म्युन्स्टर शहरापासून तासाभराच्या अंतरावर होल्टकांपांचं शेत होतं. लाकडी सांगाड्यात विटा भरलेलं लांबलचक घर, त्याच्या एका टोकाला माणसं आणि दुसऱ्या टोकाला पूर्वी गुरं राहायची. मधोमध उघडी चूल होती. स्वयंपाक केव्हाच विजेवर गेला होता, तरी या चुलीतले निखारे बर्नहार्ड होल्टकांप रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने राखेखाली झाकून ठेवायचा आणि सकाळी फुंकून जागे करायचा.

"ही चूल सहाशे वर्षांत विझलेली नाही," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. "घर दोनदा पाडून बांधलं, पण चूल जागची हलली नाही. युद्धं आली, रोग आले, होल्टकांप इथेच होते."

आडनावाचा अर्थही त्यानेच ओजसला सांगितला होता. होल्ट म्हणजे रान, कांप म्हणजे कुंपण घातलेलं शेत. थोडक्यात, रानमळा.

"आमचंही तसंच," ओजस म्हणाला होता. "वाळवा नावाचं गाव आहे, तिथले म्हणून आम्ही वाळवेकर."

"मग त्या गावात तुमचं घर असेल."

"छे! दोनशे वर्षांपूर्वीच गाव सोडलं. आम्ही सांगलीचे."

"गाव सोडलंत आणि नाव घेऊन गेलात?" बर्नहार्डने विचारलं. कोणी दुसऱ्याचं दार उचकटून नेल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. यात एवढं नवल काय, ते ओजसला कळलं नाही.

येत्या सप्टेंबरात शेताला सहाशे वर्षं पुरी होत होती. त्या दिवशी सगळ्या गावासमोर शेजारी टेओने ओजसचा हात धरून त्याला चुलीभोवती तीन वेळा फिरवायचं, असं बर्नहार्डने ठरवून टाकलं होतं. या भागात ते काम सर्वांत जवळच्या शेजाऱ्याचं असतं. तीन फेऱ्या झाल्या की ओजस होल्टकांप, आणि लेनाच्या पोटातलं सात महिन्यांचं बाळही होल्टकांप.

"अग्नीभोवती मी एकदा फिरलोय, सांगलीला," ओजसने हसून टाळायचा प्रयत्न केला. "लेनाबरोबर. ते पुरे नाही का?"

"ते तू तिला घरात घेतलंस," बर्नहार्ड म्हणाला. "आता घर तुला घेईल."

म्हाताऱ्याला एकच मुलगी होती. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. आपल्यामागे या घराला कोण, हा प्रश्न त्याने कधी उघडपणे विचारला नाही, पण रोज संध्याकाळी राख ओढताना तो ओजसला शेजारी बसवून घ्यायचा, यात काय ते आलं.

ओजसची गोची वेगळीच होती. म्युन्स्टरच्या एका प्रयोगशाळेत तो जुन्या मातीतला डीएनए वाचायचं काम करायचा. पुण्याच्या एका नव्या प्रयोगशाळेने त्याला प्रमुखपद देऊ केलं होतं. महिनाअखेर होकार कळवायचा होता. लेना गुरांची डॉक्टर, तिला गाई-म्हशी कुठेही मिळाल्या असत्या. "मी येईन," ती म्हणाली होती, "पण बाबांना तू सांगायचंस. मी सांगणार नाही." तेव्हापासून ओजस रोज सकाळी सांगायचं ठरवायचा आणि रोज दुपारपर्यंत ते पुढे ढकलायचा. जावयाला आपण दहावा ग्रह म्हणतो. हा ग्रह मात्र सासऱ्यासमोर वक्री व्हायलाही घाबरत होता.

अशात बर्नहार्डनेच एक दिवस म्हटलं, "तुझं ते यंत्र घरी आण की. सहाशे वर्षांत आमचं घराणं तुटलं नाही, हे त्याच्याकडून वदवून घे. सणाला सगळ्यांना सांगता येईल."

ओजसला मनातल्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सहाशे वर्षं न तुटलेलं घराणं त्याने आजवर पाहिलं नव्हतं. कुठेतरी सांधा निखळलेला निघणारच. म्हाताऱ्याचा अभिमान आपोआप उतरेल, मग कसलं आडनाव आणि कसल्या फेऱ्या! साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. हा विचार फारसा चांगला नव्हता, हे त्यालाही कळत होतं.

त्या यंत्राला थरवाचक म्हणत. शिलाई मशीनएवढा तो पेटारा ओजसच्याच गटाने तयार केला होता. त्यामागचं तत्त्व साधं आहे. माणूस जिथे राहतो तिथे तो सतत झडत असतो. कातडीचा कोंडा, केस, खोकल्यातले थेंब असं सगळं जमिनीवर पडतं, आणि त्यातल्या प्रत्येक कणात त्या माणसाचा डीएनए असतो. उघड्यावर तो लवकर कुजतो. पण चिकणमातीच्या कणांना तो चिकटून बसतो आणि थंड, कोरड्या जागी शेकडो वर्षं टिकतो. या घरात चुलीभोवतीची जमीन मातीची होती. आपल्याकडे सारवतात तसा दर काही वर्षांनी तिच्यावर चिकणमातीचा नवा हात फिरे, आणि खालच्या थरातली माणसं तिथेच झाकली जात.

ओजसने चुलीच्या डाव्या बाजूला पेन्सिलएवढ्या जाडीची नळी जमिनीत उतरवून मातीची लांब कांडी काढली. थरवाचक तिचे कागदाहून पातळ काप करतो, प्रत्येक कापातले डीएनएचे तुकडे वाचतो आणि माणूस माणूस वेगळा करतो. कोणाचा अंश किती वर्षं सापडतो यावरून घरचा कोण आणि पाहुणा कोण हे ठरतं. दोघांच्या डीएनएचा किती भाग जुळतो यावरून बाप-लेक, भाऊ-बहीण ओळखता येतात. काळाचा अंदाज त्याच थरातल्या कोळशावरून येतो. नाव मात्र यंत्राला कळत नाही. त्याच्या लेखी सगळी माणसं म्हणजे आकडे.

वरच्या थरात बर्नहार्ड सापडला, लेना सापडली, वारलेल्या सासूबाई सापडल्या. एकेचाळीस नंबरचा एक माणूसही होता, चांगली दोन वर्षं घरात वावरणारा. तो ओजस स्वतः होता. यंत्र चालवणाऱ्याचा अंश नेहमी चुकीने मिसळलेला धरून काढून टाकतात. ओजसनेही सवयीने एकेचाळीस नंबर पुसला आणि पुढे गेला.

पुढचे आकडे मात्र भलतेच होते.

एका सांध्याची अपेक्षा होती, इथे पाच निघाले. घरचा धनी आणि त्याच्यानंतरचा धनी यांचं बाप-लेकाचं नातं पाच ठिकाणी जुळत नव्हतं. बर्नहार्डच्या आजोबांचा आधीच्या धन्याशी काडीचा संबंध नव्हता. त्याच्या वर दोन पिढ्यांनी पुन्हा तेच. एका ठिकाणी तर नवरा, बायको दोघंही आधीच्या कुणाचेच कोणी लागत नव्हते. ओजसने तपासणी पुन्हा केली. आकडे तेच आले.

त्याला म्हाताऱ्याचा अभिमान थोडा उतरवायचा होता, चारचौघांत त्याचे कपडे उतरवायचे नव्हते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दोन दिवस तो सासऱ्याच्या नजरेला नजर देईना. शेवटी अंगणापलीकडच्या गोठ्यात लेना एका वासराचे कान तपासत असताना त्याने धीर केला.

"लेना, तुझ्या पणज्या, खापरपणज्या... म्हणजे त्या काळात बायकांवर काय प्रसंग येत असतील, आपण कोण बोलणार..."

"नीट बोल ना. काय झालं?"

त्याने पाच सांध्यांची गोष्ट सांगितली. लेना आधी गंभीर झाली, मग तिच्या ओठांचे कोपरे हलले, आणि मग ती इतकी हसली की वासरू बिचकून मागे सरलं.

"अरे शहाण्या, तू माझ्या अख्ख्या घराण्याला बदफैली ठरवलंस! माझे पणजोबा पलीकडच्या गावातून आले होते. शेत पणजीचं होतं. त्यांनी चुलीला फेऱ्या घातल्या आणि ते होल्टकांप झाले. इकडे पूर्वी सगळ्यांचंच असं असायचं. नाव शेताचं असतं. जो शेतावर येतो त्याला ते लागतं. नवरा मेला आणि बाईने दुसरं लग्न केलं तर दुसरा नवरा होल्टकांप. मग बाई मेली आणि त्याने पुन्हा लग्न केलं, तर घरात दोघंही बाहेरचे, तरी होल्टकांपच."

"हे तुझ्या बाबांना माहीत आहे?"

"लहान मुलांनासुद्धा माहीत आहे. ते तुला दुसरं काय करायला सांगतायत?"

ओजस खजील झाला. बापाचं नाव मुलाला, ही गोष्ट त्याच्या डोक्यात इतकी पक्की होती की जी प्रथा त्याच्याच दारात येऊन उभी होती, ती सासऱ्याचीच लहर आहे असं तो धरून चालला होता.

"मग त्यांना काय सिद्ध करायचंय? न तुटलेलं आहे तरी काय?"

"चूल," लेना म्हणाली. "कोणी ना कोणी कायम घरात होतं, हे."

ओजस यंत्रापाशी परत गेला. आता रक्ताचं गणित बाजूला ठेवून त्याने एवढंच पाहिलं, की प्रत्येक थरात माणूस आहे ना. खाली खाली जात तो सोळाशे साठच्या आसपास पोचला आणि थबकला.

त्याखालच्या थरांत माणूसच नव्हता. उंदीर होते, घुबड होतं, कोल्हा होता. सगळ्यांत जास्त अंश होता बर्चच्या झाडाचा, अगदी मुळांसकट. म्हणजे छप्पर कोसळलं होतं आणि ऐन चुलीत झाड उगवलं होतं. साधारण वीस-पंचवीस वर्षं. सतराव्या शतकात तीस वर्षं चाललेल्या युद्धाने या मुलखातली गावंच्या गावं ओस पाडली होती. त्या वेळचे इथले कागदही जळून गेले होते. त्या थराच्या खाली पुन्हा माणसं होती, आधीचे होल्टकांप. वर जी माणसं आली त्यांचा या खालच्यांशी कसलाही संबंध नव्हता.

ज्या सांध्यावर ओजसने सगळी भिस्त ठेवली होती, तो सापडला होता. आता तो त्याला नको होता.

त्याने सांगलीला आपल्या बाबांना फोन लावला. रघुनंदन वाळवेकर सगळा जन्म हळदीच्या व्यापारात घालवलेले. आडनाव बदलायचं ऐकल्यापासून त्यांचा रक्तदाब वर होता.

"काय रे, सोडला का त्या म्हाताऱ्यानं हट्ट?" त्यांनी उचलल्या उचलल्या विचारलं.

"बाबा, आपलं घराणं कधी तुटलंय का हो?"

"तुटायला काय झालंय? वाळव्यापासून सरळ चालत आलंय."

"म्हणजे बापाकडून मुलाकडे, सगळं?"

"हां, आता माझे आजोबा दत्तक आलेले, ते सोड."

"दत्तक? कुणाकडून?"

"कवठ्याच्या पाटलांकडून. आमच्याकडं मूल नव्हतं, मांडीवर घेतलं. त्यात काय एवढं? पूजा झाली की झाले ते वाळवेकर."

"बाबा, मग आपण रक्ताने पाटील आहोत!"

"डोकं फिरलंय का तुझं? पाटील कसले? वाळवेकर आहोत आपण." मग ते पुटपुटले, "म्हणूनच म्हणतात लेका, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये. त्या म्हाताऱ्याला तरी हे कुणी सांगायला पायजे होतं."

ओजसने फोन ठेवला तेव्हा तो आधीपेक्षा जास्त गोंधळला होता. हे फेऱ्या घालून होल्टकांप, ते पूजा करून वाळवेकर. घरोघरी मातीच्या चुली. मग वाळवेकर सोडायला आपल्याला इतकं जड का जातंय? आणि ते धरून तरी आपण नेमकं काय धरतोय? रक्त म्हणावं तर पाटलांचं, गाव म्हणावं तर त्याने ते पाहिलेलंही नव्हतं.

बर्नहार्डला खोटं सांगणं सोपं होतं. "सगळं ठीक आहे" एवढंच म्हणायचं, म्हातारा खूश झाला असता. पण संध्याकाळी त्याने राखेचं फावडं हातात घेऊन सहज विचारलं, "मग? बोललं का यंत्र?" आणि ओजसच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. बर्चचं झाड, घुबड, ओस पडलेली वर्षं. पुण्याचंही त्याने त्याच दमात सांगून टाकलं.

पुण्याबद्दल बर्नहार्डने नुसती मान हलवली. मग फावडं भिंतीला टेकवून ठेवलं आणि राख न ओढताच तो आपल्या खोलीत गेला.

सकाळी चूल थंड होती. दुसऱ्या दिवशीही थंड. लेना ओजसला एकदाच म्हणाली, "खरं सांगितलंस ते बरं केलंस," आणि खिडकीबाहेर बघत रडली. ओजसला वाटलं, आपण हे घर जाळलं असतं तरी एवढं वाईट दिसलं नसतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बर्नहार्ड चुलीपाशी येऊन बसला.

"त्यानंतर कोण आलं?" त्याने विचारलं.

"एक बाई," ओजस म्हणाला. "बरोबर तिचा लहान मुलगा. पुरुष नाही, पहिली काही वर्षं दोघंच. ती इथली नव्हती. दक्षिणेकडून आली असावी, डोंगरांच्या पलीकडून. नक्की सांगता येत नाही."

"एकटीने बर्च तोडलं असेल," म्हातारा म्हणाला. त्याला तेवढंच दिसत होतं. "तिचं नाव काय?"

"यंत्राला नाव कळत नाही."

"पण नंतर ती होल्टकांप झाली. आम्ही तिचेच. तिला कोणी सांगितलं हे नाव? चुलीभोवती फिरवायला घरात कोणी नव्हतं. चूलच नव्हती."

बर्नहार्डने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू जा पुण्याला. मनापासून सांगतो. न विझलेल्या चुलीच्या जोरावर मी तुझं नाव मागत होतो. ती तर विझली होती. आता मला मागायचा हक्क नाही. बाळाला तुमचं नाव लावा. मी काही मरत नाही इतक्यात."

सुटका झाली होती. ओजसला उड्या माराव्याशा वाटायला हव्या होत्या, पण त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हट्ट धरणाऱ्या म्हाताऱ्याशी भांडता आलं असतं; या म्हाताऱ्याशी काय करायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्नहार्डला घेऊन लेना गावात गेली. ओजसने पुण्याला कळवण्यासाठी संगणक उघडला. होकाराच्या दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या. मधेच त्याने थरवाचकाचा जुना निकाल उघडला आणि पुसलेला एकेचाळीस नंबर परत भरला. वरच्या थरात तो बर्नहार्ड आणि लेना यांच्या अगदी जवळ होता, चुलीच्या डाव्या बाजूला, जिथे तो रोज बसायचा. यंत्राने कोणाची परवानगी न घेता त्याला घरचा माणूस ठरवून टाकलं होतं.

त्याने संगणक मिटला आणि चुलीपाशी गेला. राख गार आणि ओली झाली होती. ती त्याने बादलीत भरली. लाकडं आणली, रचली. सांगलीच्या मुलाने आयुष्यात कधी चूल पेटवली नव्हती. पहिल्यांदा नुसता कागद जळला, दुसऱ्यांदा तेवढंही नाही. आपण हे का करतोय, सासऱ्यासाठी की त्या परक्या बाईसाठी, की पुण्याचं उत्तर लांबवण्यासाठी, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. पोटावर आडवा पडून त्याने फुंकर घातली. लाकडं ओली होती. बघता बघता घर धुराने भरलं आणि धूर दारातून अंगणात लोटू लागला. त्यातच कोपऱ्यातल्या एका काटकीने पेट घेतला.

तेवढ्यात रस्त्यावर ट्रॅक्टर थांबल्याचा आवाज आला. शेजारी टेओ. त्याला कानांनी कमी ऐकू येई, म्हणून तो सगळ्या जगाशी ओरडूनच बोले. घरातलं काहीच त्याला माहीत नव्हतं. धुरात कोण आहे हेही दिसत नव्हतं.

"होल्टकांप!" त्याने कुंपणावरून हाक मारली. "अरे ए होल्टकांप! धूर कसला? जिवंत आहेस ना?"

"हो!" ओजस आतून ओरडला. "आहे, आहे! चूल पेटवतोय!"

"मग ठीक!" टेओ म्हणाला आणि ट्रॅक्टर पुढे गेला.

ओजस डोळे चोळत दाराशी आला. अंगणात गाडी उभी होती. लेना आणि बर्नहार्ड नुकतेच उतरले होते आणि दोघंही जागच्या जागी थांबले होते. बर्नहार्ड धुराकडे पाहत होता.

"टेओने कुणाला हाक मारली?" लेनाने विचारलं.

ओजसने मागे वळून पाहिलं. चुलीने जाळ धरला होता. तीनशे ऐंशी वर्षांपूर्वी याच अंगणात एक परकी बाई अशीच धुरातून बाहेर आली असेल, आणि कुंपणापलीकडून कोणीतरी असंच ओरडून विचारलं असेल. तिला तरी काय माहीत, आपण कोण ते. तिने ओ दिली असेल, इतकंच.

"मला," तो म्हणाला.